चालता एसएमपीएस काढायचा का?

प्रश्न : देवरुखला आमचा छोटा फोटो स्टुडिओ आहे. २०१८ च्या गुढीपाडव्याला बाबांनी मला कॉम्प्युटर घेऊन दिला. आय५-८४०० प्रोसेसर, जीटीएक्स १०५० टीआय ग्राफिक्स कार्ड, १६ जीबी रॅम आणि नावाजलेल्या कंपनीचा ४५० वॅटचा, कमी वीज वाया घालवण्याचा ब्राँझ शिक्का असलेला एसएमपीएस (पीसीला वीज पुरवणारा डबा). आता लग्नाचे व्हिडिओ सगळ्यांना फोर-के हवे असतात आणि हा पीसी दमतो. म्हणून तुळशीच्या लग्नाआधी नवा बोर्ड, आय५-१२४००एफ, ३२ जीबी रॅम आणि आरटीएक्स ३०६० चं १२ जीबीवालं कार्ड घ्यायचं ठरवलंय. कॅबिनेट, एसएसडी आणि दोन हार्ड डिस्क जुन्याच राहतील. पुण्यातला दुकानदार म्हणतो, एसएमपीएस बदलावाच लागेल, आणि घेताच आहात तर ८५० वॅटचा, ब्राँझच्या वरच्या गोल्ड शिक्क्याचा घ्या, दहा वर्षं बघायला नको. इंजिनिअरिंगला असलेला मामेभाऊ म्हणतो, ४५० मध्ये आरामात बसतं, फुकट पैसे घालवू नकोस. बाबा म्हणतात, चालती वस्तू काढायची नाही. कुणाचं ऐकू? हे पैसे वाचले तर मला मोठी एसएसडी घ्यायची आहे. (जाता जाता : आमच्याकडे प्युअर साइन वेव्हचा इन्व्हर्टर आहे. पूर्वी लाइट गेली तरी पीसी चालू राहायचा. गेल्या पावसाळ्यापासून मात्र रेंडर (एडिट केलेल्या व्हिडिओची अंतिम फाइल बनवणं) लावलेलं असताना लाइट गेली की कधी कधी रिस्टार्ट होतो. इन्व्हर्टरची बॅटरी मागच्याच वर्षी बदललीय. तो प्रश्न वेगळा आहे, पुढच्या वेळी विचारीन.)

उत्तर : तो प्रश्न वेगळा नाही. तुमच्या पत्रातली सगळ्यात कामाची गोष्ट तुम्ही कंसात टाकलीत. माझं उत्तर त्या कंसावरच उभं आहे. एसएमपीएस बदला. पण दुकानदार सांगतो त्या कारणासाठी नाही, आणि तो सांगतो तो डबा तर मुळीच घेऊ नका.

आधी मामेभावाचं बघू, कारण बेरजेपुरता तो बरोबर आहे. १२४००एफ पूर्ण जोर लावतो तेव्हा इंटेलच्या आकड्याप्रमाणे ११७ वॅटपर्यंत जातो. ३०६० चा आकडा १७०. झाले २८७. बोर्ड, रॅम, एसएसडी, पंखे आणि दोन हार्ड डिस्क यांचे मिळून पन्नास-साठ धरा. म्हणजे सगळं एकदम पळत असताना साडेतीनशेच्या आतबाहेर. कागदावर ४५० मधून शंभर उरतात.

ही बेरीज खरी ठरायला डब्यावरचे ४५० खरे असावे लागतात. कॅबिनेटच्या बाजूचं झाकण काढून एसएमपीएसवरचं स्टिकर वाचा. मोठ्या अक्षरातला आकडा सोडा, १२ व्होल्टच्या रकान्यात किती अँपिअर लिहिलेत ते बघा. आजचे प्रोसेसर आणि कार्डं जवळजवळ सगळी वीज १२ व्होल्टवरूनच घेतात. तिथे ३६ अँपिअर असतील तर ४३२ वॅट, म्हणजे ४५० हा आकडा प्रामाणिक आहे. कॅबिनेटसोबत ‘फ्री’ येणाऱ्या डब्यांवर ठळक ४५० छापलेलं असतं आणि १२ व्होल्टला कसेबसे १६-१८ अँपिअर निघतात, म्हणजे दोनशेच्या आसपास वॅट. तुमचा डबा तसा असता तर हे उत्तर एका ओळीत संपलं असतं. तो तसा नसावा.

मग कार्डाची चिप बनवणारी एनव्हिडिया ३०६० साठी ५५० का सांगते? एक तर तुमच्या घरात कोणता डबा आहे ते तिला दिसत नाही, म्हणून ती वाईटातला वाईट धरून चालते. दुसरं कारण जास्त खरं आहे. १७० वॅट ही सरासरी झाली. कार्ड क्षणभर, अगदी सेकंदाच्या हजाराव्या भागाहून कमी वेळ, त्याच्या कितीतरी वर उसळी मारतं. त्या पिढीच्या मोठ्या कार्डांनी हा त्रास इतका दिला की फेब्रुवारी २०२२ मध्ये आलेल्या एटीएक्स ३.० या एसएमपीएसच्या नियमावलीत अशा उसळ्या झेलण्याची अटच घातली गेली. मोठ्या कार्डांसाठीच्या एसएमपीएसने १०० मायक्रोसेकंदांपुरता स्वतःच्या आकड्याच्या दुप्पट भार पेलला पाहिजे. ३०६० हे त्या पिढीतलं मवाळ कार्ड आहे, त्यामुळे चांगल्या आणि नव्या ४५० वॅटच्या डब्यावर ते मी स्वतः चालवलं असतं. मामेभावाने वॅट मोजले, ते नीट मोजले. वय मोजायचं राहिलं.

आता तुमच्या कंसाकडे येतो.

एसएमपीएसच्या पोटात एक जाडजूड कपॅसिटर असतो, साधारण अंगठ्याएवढा किंवा थोडा मोठा. भिंतीतून येणारी २३० व्होल्टची वीज सरळ करून त्यात साठवली जाते, आणि तुमच्यासारख्या डब्यांत तिथे ३८० व्होल्टच्या आसपास दाब असतो. त्याचं काम तुमच्या घराच्या माळ्यावरची पाण्याची टाकी करते तेच. नगरपंचायतीचं पाणी येतं-जातं, पण घरातला नळ टाकीवर चालतो. लाइट गेल्यापासून इन्व्हर्टर सुरू होईपर्यंत जो क्षण जातो, तेवढा वेळ तुमचा पीसी या टाकीवर जगतो. जुन्या एटीएक्स नियमाप्रमाणे पूर्ण भारावर ही टाकी निदान १६-१७ मिलिसेकंद पुरली पाहिजे. इन्व्हर्टर ‘यूपीएस’ मोडवर असेल तर त्याला बदली व्हायला दहाएक मिलिसेकंद लागतात. दोन्हींत फरक एवढाच, पण तो पुरतो. तुमच्याकडे सात वर्षं पुरत होता.

कपॅसिटरच्या आत एक ओलसर रसायन असतं आणि ते उष्णतेने हळूहळू सुकतं. टाकी बाहेरून तेवढीच दिसते, पण तळाशी गाळ साचून पाणी कमी मावायला लागतं. आधी याची चाहूल कशी लागते? पीसी बंद पडत नाही, धूर येत नाही, गेम किंवा एडिटिंग अडत नाही. फक्त लाइट जाण्याच्या त्या एका क्षणी टाकी कमी पडते. तीही पीसी मोकळा असताना नाही, रेंडर लावल्यावर, म्हणजे नळ पूर्ण सोडलेला असताना. तुम्ही लिहिलंय ते शब्दशः हेच.

आणि यात एक गोष्ट तुमच्या लक्षात आली नसावी. तुमचा आजचा पीसी रेंडर करताना फार तर दोनशे वॅट खात असेल. ८४०० आणि १०५० टीआय ही दोन्ही कमी खाणारी मंडळी, १०५० टीआय तर ७५ वॅटचंच. म्हणजे ही टाकी दोनशे वॅटलाच अपुरी पडायला लागलीय. तिच्यावर तुम्ही साडेतीनशेचा नळ बसवणार आहात. ४५० मधून उरलेले ते शंभर वॅट इथे काही उपयोगाचे नाहीत.

इन्व्हर्टरवर लगेच खापर फोडण्याआधी, किंवा माझ्यावर डोळे झाकून विश्वास ठेवण्याआधी, एका रविवारी ही चाचणी करा. सगळ्या कामाचा बॅकअप घ्या आणि बाहेरून जोडलेल्या डिस्क काढा. पीसी नुसता सुरू ठेवून इन्व्हर्टरला येणारा मेनचा स्विच बंद करा, दोन मिनिटांनी पुन्हा लावा. असं तीन-चारदा. मग एखादं टाकाऊ प्रोजेक्ट रेंडरला लावून तेच करा. मोकळा असताना टिकला आणि रेंडरमध्ये पडला, तर संशय डब्यावर. दोन्ही वेळा पडला, तर इन्व्हर्टरच्या मागची ती छोटी सरकपट्टी बघा. बॅटरी बदलायला आलेला माणूस ती ‘यूपीएस’वरून ‘नॉर्मल’ किंवा ‘इको’वर सरकवून जातो आणि कुणाला पत्ता लागत नाही. नॉर्मल मोडमध्ये बदलीला इतका वेळ लागतो की कोराकरकरीत एसएमपीएससुद्धा तग धरेलच असं नाही. तुमची बॅटरी मागच्या वर्षी बदलली आणि त्रासही तेव्हाच्याच सुमारास सुरू झाला, म्हणून हे आवर्जून सांगतो. पट्टी बरोबर जागी असेल, तर शेजारच्या कुणाचा डेस्कटॉप त्याच सॉकेटला लावून बघा.

पट्टीचाच दोष निघाला तर एसएमपीएस ठेवायचा का? माझं मत तरीही बदला असंच आहे, फक्त माझा आवाज थोडा खाली येईल. त्याचं कारण वयाच्या हिशेबात आहे, तो करून दाखवतो. ढोबळ आहे, पण दिशा दाखवतो.

कपॅसिटरच्या आयुष्याचे दोन आकडे असतात : किती अंशांना आणि किती तास. समजा १०५ अंशांना २,००० तास. तापमान दर १० अंशांनी उतरलं की आयुष्य दुप्पट होतं, असा या धंद्यातला जुना नियम आहे. एप्रिल-मेमध्ये तुमची खोली पस्तिशीला असते, डब्याच्या आत ५५ अंश धरू. १०५ वरून ५५ म्हणजे पाच पायऱ्या, पाच वेळा दुप्पट, म्हणजे ६४,००० तास. निश्चिंत. पण कमी किमतीच्या बऱ्याच डब्यांत तो मोठा कपॅसिटर ८५ अंशांचा टाकलेला असतो. तिथे तीनच पायऱ्या मिळतात : १६,००० तास. आता तुमचा वापर. स्टुडिओत दिवसाला आठ तास, वर्षाला ३०० दिवस, आठवं वर्ष चालू. एकोणीस हजारांच्या आसपास. तुमच्या डब्यात कोणता कपॅसिटर आहे ते मला इथून दिसत नाही, पण तो जे वागतोय ते दुसऱ्या हिशेबाशी जुळतं. खरेदीच्या वेळी त्यावर पाच वर्षांची वॉरंटी असली तर तीही केव्हाच सरली. बनवणाऱ्यानेच जिथवरची हमी दिली, तिच्या पलीकडे तो तीन वर्षं चाललाय.

आत बघून खात्री करावी असं मामेभावाला वाटेल. इंजिनिअरिंगची मुलं पान्हा शोधतात. त्याला सांगा, डबा उघडायचा नाही. प्लग काढल्यावरही त्या टाकीत दाब राहू शकतो, आणि ३८० व्होल्टचा डीसी झटका गमतीचा नसतो. हिरवी वायर काळीला जोडून पंखा फिरतो का बघायची जी युक्ती आहे, तिने फक्त पंखा फिरतो एवढंच कळतं. सॉफ्टवेअरमध्ये दिसणारं १२ व्होल्टचं वाचनही बोर्डाच्या स्वस्त सेन्सरचं असतं, त्याच्यावर निकाल देऊ नका. मल्टिमीटर असेल तर रेंडर चालू असताना हार्ड डिस्कच्या मोकळ्या कनेक्टरवर पिवळ्या-काळ्यात माप घ्या. ११.४ ते १२.६ च्या मध्ये असायला हवं. पण तिथे १२.१ दिसलं म्हणून हुरळू नका, म्हाताऱ्या टाकीचा दोष मल्टिमीटरला दिसत नाही.

घाबरवायचं मात्र मला नाही. ‘जुना एसएमपीएस फुटला की सगळा पीसी जाळतो’ हे वाक्य दुकानात फार चालतं. बरा डबा बहुतेक वेळा एकटाच मरतो. त्यात जादा दाब, जादा भार, शॉर्ट सर्किट यांवर वीज तोडणारी सोय असते. तुमच्या बाबतीत भीती आगीची नाही, हंगामाची आहे. मार्गशीर्षात तीन लग्नांचं काम तुंबलेलं, नवरीकडचे रोज फोन करतायत, रात्री रेंडर लावून झोपलात आणि सकाळी बघता तर पीसी दोनदा रिस्टार्ट झालेला. फाइल अर्धवट. त्यात एखादी हार्ड डिस्क लिहिता लिहिता पडली तर फुटेजच गेलं. ते लग्न पुन्हा लावता येत नाही. तुमच्या धंद्यात एसएमपीएसची किंमत या बाजूने मोजायची.

बरं, घ्यायचा कोणता. ५५० वॅट, ब्राँझ, चांगल्या कंपनीचा, निदान पाच वर्षांच्या वॉरंटीचा. ६५० वॅटचा चार-पाचशे रुपयांनीच महाग असेल तर तो घ्या, पुढचं कार्ड त्यात बसेल. त्याच्या वर जायचं कारण तुमच्याकडे नाही. ८५० गोल्डसाठी जे मागतायत त्याच्या निम्म्याच्या आसपास हे काम होतं, आणि उरलेल्यात तुमची एसएसडी येते. ‘दहा वर्षं बघायला नको’ म्हणणाऱ्याला मी एवढंच विचारीन, की दहा वर्षांनी कनेक्टर तरी हेच असणार का? २०२२ मध्ये मोठ्या कार्डांसाठी नवा सोळा पिनांचा कनेक्टर आला, आणि २०२३ मध्ये त्याचीही सुधारित आवृत्ती काढावी लागली.

गोल्डने वीजबिल वाचतं हेही ऐकवतील. वाचतं, पण किती? तुमचा सरासरी भार २५० वॅट धरू. ब्राँझ आणि गोल्डमध्ये चार टक्क्यांचा फरक पडतो, म्हणजे भिंतीतून दहा-बारा वॅट कमी. रोजच्या आठांतले सहा तास हा भार, वर्षाचे ३०० दिवस : वीस-बावीस युनिटं. युनिटला १० रुपये धरले तरी वर्षाला दोनशे-सव्वादोनशे. दोन हजार जास्त देऊन गोल्ड घेतला तर वसुलीला नऊ वर्षं लागतील. शिवाय ८० प्लसचे हे ब्राँझ-गोल्ड शिक्के फक्त वीज किती वाया जाते ते सांगतात. आतली टाकी किती चांगली, संरक्षण किती पक्कं, यावर त्यांचा एक शब्द नाही. त्यासाठी वॉरंटीची वर्षं बघणं जास्त शहाणपणाचं. सात किंवा दहा वर्षं लिहून देणारा माणूस ८५ अंशांचा कपॅसिटर टाकताना दोनदा विचार करतो.

सेकंडहँड नको. चालू असलेला सेकंडहँड एसएमपीएस म्हणजे दुसऱ्याच्या घरातला तुमचाच प्रश्न. पुण्याच्या तापकीर गल्लीतून, मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून की चिपळूण-रत्नागिरीतून, यात मी पडत नाही. पण बिघडला तर परत कुणी घ्यायचा, कुरिअर कुणी करायचं, हे बिल फाडायच्या आधी विचारा आणि बिलावर सिरियल नंबर लिहून घ्या. नाहीतर दोन-तीनशे वाचवण्यासाठी देवरुख-पुणे एसटीच्या दोन फेऱ्या कराल.

आता एक अशी गोष्ट, जी कुणीच सांगत नाही आणि मी पैसे मोजून शिकलो. तुमच्या जुन्या डब्याच्या काही केबल काढता-घालता येण्यासारख्या असतील. नवा डबाही तसाच असला, तर मोह होतो की कॅबिनेटमध्ये नीट बांधून बसवलेल्या हार्ड डिस्कच्या केबल तशाच राहू द्याव्यात, फक्त डबा बदलावा. बारा-तेरा वर्षांपूर्वी एका मित्राच्या मशीनमध्ये मी हेच केलं. प्लग अचूक बसला, खटका वाजला, बटण दाबलं, आणि दोन हार्ड डिस्क एका क्षणात गेल्या. डिस्कच्या बाजूचं टोक सगळ्यांचं सारखं असतं, पण एसएमपीएसच्या बाजूच्या पिना कोणत्या क्रमाने लावायच्या याला कसलाच नियम नाही. पाच व्होल्टच्या जागी बारा गेले. त्यातली एक डिस्क बॅकअपची होती. मित्र अजून मित्र आहे, पण हार्ड डिस्कचा विषय निघाला की माझ्याकडे बघून हसतो. तेव्हा जुनी एकही केबल ठेवायची नाही. एकाच कंपनीची असली तरीही नाही. टाय कापा, सगळं उपसा, नव्या खोक्यातल्याच केबल लावा.

तसंच ‘मोलेक्स टू आठ पिन’ किंवा ‘साटा टू आठ पिन’ असले, हार्ड डिस्कच्या केबलमधून कार्डाला वीज देणारे, शंभर रुपयांचे कन्व्हर्टर कुणी सुचवले तर नको म्हणा. साटाच्या कनेक्टरमधून १२ व्होल्टवर ५४ वॅटच जाऊ शकतात, कार्डाच्या आठ पिनांना १५० लागतात. मधलं प्लास्टिक वितळतं. बोर्डाला लागणारी आठ पिनांची आणि कार्डाला लागणारी आठ पिनांची केबल दिसायला सख्ख्या बहिणी, पण आतली जोडणी उलटी असते. बसत नसेल तर दाबू नका, दुसरी असेल.

इन्व्हर्टरचं पुन्हा. भार साडेतीनशे म्हणजे भिंतीतून चारशे, वर मॉनिटर. घरातला ८५०-९०० व्हीएचा इन्व्हर्टर हे पेलतो, पण त्याच वेळी स्टुडिओचे दोन हॅलोजन चालू असतील तर नाही. वेगळा यूपीएस घ्यायचा विचार असेल तर ६०० व्हीएवाला घेऊ नका, तो खरा ३६० वॅटचाच असतो. साइन वेव्हचा इन्व्हर्टर तुमच्याकडे आहे हे चांगलंच, चौकोनी लहरीच्या इन्व्हर्टरवर आजचे काही एसएमपीएस गुरगुरतात किंवा सरळ बंद पडतात.

आणि कॅबिनेटला हात लावल्यावर बोटांना झिणझिण्या येत असतील, तर तो एसएमपीएसचा दोष समजू नका. घराचं अर्थिंग मेलेलं असतं. जांभ्यात खड्डा केलेला असतो, उन्हाळ्यात तो वाळून खडखडीत होतो आणि अर्थिंग नावापुरतं उरतं. नवा डबा बसवायच्या आधी वायरमनला दाखवा. नव्या डब्याचं संरक्षणही धड अर्थिंगशिवाय लंगडंच. मागच्या जाळीतून लाल धूळ दर दोन महिन्यांनी बाहेरूनच उडवा, पंखा बोटाने धरून. कोकणात पावसाळ्यात उबेला पाली आत शिरतात, ही चेष्टा नाही. मी एसएमपीएसमधून काढलेल्या पालींचा आकडा सांगितला तर तुमचा जेवणावरचा जीव उडेल. कॅबिनेटच्या मागचे मोकळे स्लॉट पट्ट्या लावून बंद करा.

न विचारलेला एक सल्ला देऊन टाकतो. १२४००एफ ऐवजी ‘एफ’ नसलेला १२४०० बघा. थोडा महाग पडतो, पण त्याच्या आत स्वतःचं ग्राफिक असतं. तुमच्या कॅमेऱ्याचं फुटेज दहा बिट, ४:२:२, एचईव्हीसी (म्हणजे रंगांची जास्त माहिती घट्ट दाबून ठेवलेलं) असेल तर ते उलगडायचं काम ३०६० ला जमत नाही, प्रोसेसरमधलं हे छोटं ग्राफिक ते करतं. टाइमलाइन अडखळणं तिथे थांबतं. आणि पैसे कमी पडायला लागले तर एसएमपीएस, बोर्ड, रॅम आत्ता घ्या, कार्ड एक हंगाम पुढे ढकला. १०५० टीआय तोवर ओढेल. उलटा क्रम, म्हणजे कार्ड आधी आणि डबा नंतर, हा मात्र नको.

बाबांचं राहिलं. त्यांचं म्हणणं मी शेवटी ठेवलं, कारण त्यांना पूर्ण चूक ठरवायची गरजच नाही. ८४०० ला स्वतःचं ग्राफिक आहे. जुना बोर्ड, जुनी रॅम, एक छोटी एसएसडी, एक साधं कॅबिनेट आणि हाच एसएमपीएस, कार्डाशिवाय. हा पीसी बिलं, पासपोर्ट फोटो, प्रिंट काढणं यात शंभर वॅटच्या वर क्वचितच जाईल. एवढ्या बारीक नळाला म्हातारी टाकीसुद्धा लाइटच्या झटक्यात पुरेल, आणि एखाद्या दिवशी नाही पुरली तर पासपोर्ट फोटो पुन्हा काढता येतो. त्यावर लग्नाचं फुटेज ठेवायचं नाही, एवढी अट. बाबांच्या काउंटरवर तो अजून दोन-तीन वर्षं चालेल. डब्यावर मार्करने ‘२०१८, कार्ड लावू नये’ असं ठळक लिहून ठेवा, नाहीतर पुढच्या दिवाळीला मामेभाऊ तो उचलून स्वतःच्या गेमिंग पीसीत बसवेल.